शिडी धरणारे आप्पा

दसरा आठवड्यावर आला की धाटावात दोन आवाज वाढतात. एक भंगारवाल्याचा, दुसरा आप्पांचा. भंगारवाला रस्त्यावरून ओरडतो, आप्पा शिडीखालून.

माळा कोणाचाही असो, शिडी धरायला आप्पा हजर. त्यांना बोलवावं लागत नाही. शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज त्यांना तीन घरं पलीकडे ऐकू जातो. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत जन्म काढून ते रिटायर झाले, तरी जनरल शिफ्टच्या वेळेला चप्पल पायात चढतेच. मग जायचं कुठे? ज्याच्या घरी माळा काढतायत तिथे.

माळा काढणं म्हणजे त्यांच्या लेखी प्लँटचा शटडाऊन. "परमिट कोणी दिलं?" हा पहिला प्रश्न. परमिट म्हणजे घरातल्या म्हातारीची परवानगी. ती असली की पुढची कलमं: खालची जागा मोकळी करा, पोरं ओटीवर न्या, जड वस्तू दोराने सोडा, वरून टाकू नका. वर एक माणूस, खाली एक माणूस, आणि बोलणार एकच. तो एक कोण, हे कोणी विचारत नाही.

पंचाईत होते ती वस्तू दिसल्यावर. तांब्याचा बंब अर्ध्या शिडीवर आला की आप्पा म्हणतात, "थांब!" बंबाला टिचकी मारतात, कान लावतात. "पत्रा बघा, पत्रा! आता असा मिळेल का?" पेट्रोमॅक्सची बत्ती आली की तिच्या उजेडात झालेली लग्नं निघतात. पाळण्याचं तर नावच काढू नका. त्यात कोण कोण निजलं याची यादी सुरू होते, आणि त्या यादीतलाच एक, आता पंचेचाळिशीचा, तोच पाळणा डोक्यावर घेऊन शिडीच्या मधल्या पायरीवर घामाने निथळत उभा असतो. दिवेलागणीला हिशोब लागतो: उतरले चौदा नग, परत चढले अकरा. उरलेल्या तिनांपैकी एक भंगारात, दोन आप्पांच्या घरी. "टाकताय ना? मग असू दे माझ्याकडे."

त्यामुळे आप्पांचा माळा आता अख्ख्या आळीचा माळा आहे. गेल्या वर्षी मुलाने एकदाचं मनावर घेतलं. आम्ही चौघं गेलो. आप्पांनी शिडी धरली. स्वतःच्या घरातही ते वर चढत नाहीत.

वर बघतो तर मधोमध कणगी. बांबूच्या कामट्यांची, शेणाने लिंपलेली, दोन माणसं आत बसतील एवढी. एके काळी हिच्यात वर्षाचं भात मावायचं. जमीन एमआयडीसीत गेली, घरात पगार आला, भात येईनासं झालं आणि कणगी माळ्यावर गेली. आता खाली काढायची तर माळ्याचं तोंड दोन हाताचं आणि कणगीचं पोट चार हाताचं. आडवी केली, तिरकी केली, एकदा तर एकजण कणगीसकट अडकला.

"आप्पा, ही वर गेली कशी?"

"कौलं शाकारायला काढली होती तेव्हा वरून सोडली," आप्पा शांतपणे म्हणाले. आता वर पत्रे होते, बोल्ट मारलेले.

"मग कापू या," मुलगा म्हणाला.

शिडी पहिल्यांदाच हलली. "कापायची? 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, तालुक्यात किती घरांचे पत्रे उडाले! आपला एक हलला का? का नाही हलला? माळ्यावर वजन होतं म्हणून!"

पत्रे आढ्याला असतात आणि वजन पाटणीवर, हे त्यांना सांगायला कोणी धजावलं नाही. सूनबाईंनी चहा आणला. चहा पिता पिता कणगी रिकामी आहे हे आप्पांच्याच ध्यानात आलं. मग बंब, बत्ती, मोडका पाळणा, पायली-अधोलीची मापं, सगळं एकेक करून तिच्या पोटात गेलं. माळा मोकळा दिसू लागला. "बघ, झाला की नाही साफ?" आप्पा म्हणाले आणि परमिट बंद केलं.

माणसाला नावं ठेवणं सोपं असतं. पण एवढी वर्षं, एवढ्या घरांतून आप्पांनी शिडी धरली आणि तिच्यावरून आजवर एकही माणूस पडलेला नाही. सामानही फारसं उतरलेलं नाही, हा भाग वेगळा.