वगैरे

हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा परवा रात्री साडेदहाला जेवायला आला आणि ताटावर कपाळाला हात लावून बसला. दोनशे पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. त्यात कलम ४.७ : 'अहवाल पीडीएफ, एक्सेल वगैरे स्वरूपांत मिळेल.' पीडीएफ झालं, एक्सेल झालं, टेस्टिंग झालं. क्लायंट म्हणाला, "वगैरे कुठाय?"

प्रश्न रास्त आहे. सही झालेल्या कागदावर वगैरे आहे म्हणजे ते द्यायलाच हवं. फक्त ते केवढं आणि कसलं, एवढंच लिहायचं राहिलंय.

असल्या कागदांसाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत बरं का. १९९८ च्या मानकानं बजावलं होतं, 'चांगलं चालेल', 'बहुधा होईल' असलं लिहू नका, ते तपासता येत नाही. लिहायचं तर असं : १०० पैकी ६० वेळा उत्तर २० सेकंदांत, आणि १०० पैकी १०० वेळा ३० सेकंदांत. काही ठरायचं असेल तर 'टीबीडी', म्हणजे 'टू बी डिटरमाइन्ड', लिहायची मुभा होती. पण का ठरलं नाही, कोण ठरवणार आणि कधीपर्यंत, हेही सोबत लिहायचं. २०१८ च्या मानकात टाळायच्या शब्दांची जंत्रीच आहे. 'यूजर फ्रेंडली' त्यात आहे. भाच्याच्या डॉक्युमेंटात तो पानोपानी आहे.

आमच्या आजोबांना ही मानकं कुणी वाचून दाखवली नव्हती. आत्याच्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या, आणि वरपक्षाच्या कुणीतरी 'विहिणीचा मान, करवल्यांच्या साड्या वगैरे' असं लिहिलं. आजोबांनी पेन काढून घेतलं. वगैरे म्हणजे किती साड्या? पाच की सात? सहावारी की नऊवारी? वऱ्हाडाच्या गाडीचं भाडं वगैरेत धरायचं की वेगळं? तीनदा चहा झाला, मग वगैरे खोडलं गेलं आणि दोन्हीकडच्या सह्या झाल्या. लग्नात कुणी रुसलं नाही असं नाही, पण रुसायला कागदावर जागा नव्हती. आणि इथे? इथे वगैरे चुकून पडत नाही हो, मुद्दाम ठेवतात! क्लायंटला जादा पैसे न मोजता मागता यावं म्हणून, आणि सेल्सवाल्याला याच तिमाहीत कंत्राट खिशात घालता यावं म्हणून. बैठकीत समोसे खाणाऱ्यांपैकी एकही जण कोडची एक ओळ लिहीत नाही. वगैरेचा अर्थ लावायचा चोवीस वर्षांच्या पोरानं, शनिवारी रात्री. आणि चुकला की अप्रेझलमध्ये शेरा, 'रिक्वायरमेंट समजून घेण्यात कमी पडतो.' लिहिणाऱ्याला तरी समजली होती का ती?

भाच्यानं शेवटी पडद्यावर तिसरं बटण दिलं. पीडीएफ, एक्सेल, वगैरे. दाबलं की काहीही होत नाही. क्लायंटनं काल सही केली.