लिंकसर

"टाकलंय मी." लिंकसरांच्या अध्यापनाचा सारा आवाका या दोन शब्दांत बसतो. घसारा कळला नाही, असं एखादी मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली की सर खडू खाली ठेवतात, हात झटकतात आणि म्हणतात, "टाकलंय मी." पेपरला कुठली प्रकरणं आहेत? टाकलंय. मागच्या सत्राचे मार्क? टाकलेत. कुठे टाकलेत, असं पुढे विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो, कारण तेही सरांनी कुठेतरी टाकलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. एसटी स्टँडपासून दोन किलोमीटरवर कॉलेज असतं, कॉलेजात वाणिज्य शाखा असते आणि वाणिज्य शाखेत एक लिंकसर असतात. हल्ली कला आणि विज्ञान शाखांतही सापडतात, पण अस्सल वाण वाणिज्याचं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. बुशशर्टच्या खिशात दोन मोबाइल: एक घरचा, एक 'कॉलेजचा'. मोटरसायकलच्या किल्लीच्या जुडग्यातच पेनड्राइव्ह अडकवलेला. त्यामुळे तास संपला की जुडगा कॉम्प्युटरला लटकत राहतो आणि सर पार्किंगमध्ये खिसे चाचपत उभे असतात.

मुळात सर असे नव्हते. मार्च 2020 पर्यंत कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही त्यांची चौकडी होती. फळ्याच्या मधोमध पट्टीशिवाय सरळ रेघ मारायची, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं मागच्या बाकावरच्या मुलालाही जांभई द्यायची हिंमत होऊ द्यायची नाही, ही त्यांची ख्याती. कॉम्प्युटरशी संबंध पगाराच्या पावतीपुरता. तसं पाहिलं तर ऑनलाइन शिकवण्यासाठीचं मूडल 2002 मध्येच बाजारात आलं होतं, आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल 2003 पासून चालू होतं, गूगल क्लासरूम 2014 मध्ये आलं आणि केंद्र सरकारचं 'स्वयम' 2017 मध्ये. पण ही सगळी मंडळी सरांच्या उंबऱ्याबाहेर मुकाट थांबली होती. टाळेबंदी लागली आणि सगळी एकदम घरात घुसली.

पहिला ऑनलाइन तास सरांनी स्वतःच्या हॉलमध्ये घेतला. लोखंडी कपाटाच्या दारावर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चिकटवली, मोबाइल बिस्किटांच्या डब्याला टेकवला, स्केचपेनने मधोमध रेघ मारली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मग मोबाइलकडे पाहतात तर नावे उजवीकडे आणि जमा डावीकडे! अक्षरंही उलटी. मीटिंगमध्ये आपलं आपल्याला दिसणारं चित्र आरशातलं असतं, समोरच्याला सुलटच दिसतं, हे सरांना कोण सांगणार? पोरांना उलटं दिसतंय या काळजीने त्यांनी कागद बदलला आणि नावे मुद्दाम उजवीकडे लिहिलं. आता स्वतःच्या पडद्यावर बाजू बरोबर दिसत होत्या, एवढंच सरांना पुरे होतं. तिकडे साठ मुलांनी इमानेइतबारे सगळी खाती उलटी उतरवून घेतली. शेवटी तेरीज काढली. सगळंच उलटं असल्यामुळे ती पैशाचाही फरक न राहता जुळली. सर घाम पुसत म्हणाले, "बघा, जुळली की नाही?"

खरं म्हणजे लिंकसरांचा जन्म त्याच क्षणी झाला. बाजू कुठल्याही असोत, बेरीज जुळली म्हणजे झालं, हे ज्ञान त्यांना त्या दुपारी प्राप्त झालं.

त्याच उन्हाळ्यात प्रमाणपत्रांचा पाऊस पडला. घरोघरी वेबिनार, वेबिनारला जोडून गूगल फॉर्मवर प्रश्नमंजूषा, प्रश्न बरोबर आले की ईमेलवर रंगीत प्रमाणपत्र. आणि बरोबर येईपर्यंत फॉर्म पुन्हा पुन्हा भरायची मुभा. सरांनी कर कायद्यापासून कांदाचाळीच्या व्यवस्थापनापर्यंत एकही विषय सोडला नाही. ई-प्रमाणपत्रांचे प्रिंट काढले, लॅमिनेशन केलं आणि फायलीत लावले. टाळेबंदीत गावात चालू असलेल्या मोजक्या धंद्यांत झेरॉक्सवाल्याचा धंदा होता, त्याचं श्रेय सरांना द्यायला हवं.

कॉलेजं पुन्हा उघडली. आता सर फळ्याकडे परत जातील असं वाटत होतं, पण मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं. नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा. त्यात तंत्रज्ञान वापरता का, हे विचारलेलं असतं आणि वापरत असाल तर पुरावा लागतो. फळ्यावर झालेल्या तासाचा पुरावा डस्टरने पुसला जातो. क्लासरूमवर टाकलेल्या पीडीएफचा स्क्रीनशॉट निघतो. कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या, समन्वयकांनी प्राध्यापकांच्या बैठकीत विचारलं, "एलएमएस कोणाला येतं?" सगळ्यांनी एकसाथ लिंकसरांकडे पाहिलं. सर एलएमएसचे, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या यंत्रणेचे, समन्वयक झाले. चहा आला आणि बैठक संपली.

जिओटॅग फोटोचा दिवस मोठा पाहण्यासारखा असतो. अक्षांश-रेखांशासकट फोटो हवा: 'विद्यार्थी ऑनलाइन शिक्षण घेताना'. शिपाईमामा कॅन्टीनमधून हाती लागतील तेवढी मुलं संगणक कक्षात आणून बसवतात. नेमकी तेव्हाच वीज जाते. सर क्षणभरच गडबडतात, मग फोटोग्राफर झालेल्या वर्गप्रतिनिधीला, म्हणजे सीआरला, म्हणतात, "तू समोरून काढ, स्क्रीन दिसायला नकोत." पंचवीस मुलं काळ्या पडद्यांकडे पाहून ज्ञानाने उजळलेला चेहरा करतात. फोटो अप्रतिम येतो. अक्षांश तर अगदी बिनचूक.

सर काय काय टाकतात, हाही अभ्यासाचा विषय आहे. पहिला मान त्यांच्या स्वतःच्या नोट्सचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाईच्या पेनाने लिहिलेल्या, आता हळदीच्या रंगाला आलेल्या पानांचे फोटो. त्यांतले निम्मे आडवे, दोहोंत सरांचा अंगठा. त्यानंतर यूट्यूबवरच्या दुसऱ्याच कुठल्यातरी प्राध्यापकांचे व्हिडिओ. आणि मग ड्राइव्हची लिंक, जी उघडली की 'परवानगी मागा' अशी पाटी येते. मुलं परवानगी मागतात. त्या विनंतीचं ईमेल सरांकडे जातं. सर ते उघडत नाहीत, कारण अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, असा त्यांना बँकेचा मेसेज आलेला आहे. दिवसभर दुसऱ्यांना लिंक पाठवणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाच्याही लिंकला हात लावत नाही.

'स्वयम'चंही तसंच. तिथल्या अभ्यासक्रमाला चार अंगं असतात: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, चर्चा आणि चाचणी. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करायची मुभा यूजीसीने 2021 मध्ये दिली, आधी ती 20 टक्के होती. देशातल्या उत्तमातल्या उत्तम शिक्षकांचं शिकवणं खेड्यातल्या पोराला फुकट मिळावं, असा हेतू. नोंदणी फुकट, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरायची. लिंकसरांनी यातला नोंदणीचा भाग मनापासून घेतला. संगणक कक्षात रांग लावून त्यांनी अख्खा वर्ग नोंदवून टाकला. कोणी कुठल्या विषयाला नोंदवलं गेलं, हे नंतर कळलं. शेळीपालन करणाऱ्या घरातला एक मुलगा सध्या विमानाच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या अभ्यासक्रमात आहे, असं त्याला दर आठवड्याला ईमेल येतं.

हा सगळा दोष एकट्या सरांच्या नावे लिहिणं मात्र लेखाशास्त्राला धरून होणार नाही. प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते. सरांनी सकाळी सात वाजता लिंक टाकली की सात वाजून एक मिनिटाने 'नोटेड सर' सुरू होतं. मागे जोडलेले हात. साठ नोटेड, एकशेवीस हात. लिंक कुणी उघडत नाही, पण नोटेड कुणी चुकवत नाही. सरांनी टाकलं, मुलांनी पोच दिली. नावे आणि जमा सारखे. सर मुलांना विचारत नाहीत, वाचलंत का? मुलं सरांना विचारत नाहीत, तपासलंत का? इतका शांततेचा तह दोन देशांत होत नाही.

असाइनमेंटच्या वेळी हा तह कसाला लागतो. कॅमस्कॅनर हे ॲप सरकारने जून 2020 मध्ये इतर अठ्ठावन्न ॲपांबरोबर बंद केलं, पण त्याची खूण खाली मिरवणाऱ्या पीडीएफ वर्गात पुढे कितीतरी दिवस येत राहिल्या. वर्गात एकच मुलगी असाइनमेंट लिहिते. बाकीचे तिचं पहिलं पान बदलतात. एकाने तेही बदललं नव्हतं, फक्त तिच्या नावावर बोट ठेवून फोटो काढला होता. सगळ्यांना पाठवता पाठवता तिचाच नेटपॅक संपला. मग तिची असाइनमेंट सर्वांत शेवटी पोचली आणि उशिराबद्दल तिला दहापैकी सहा मिळाले. बाकीच्यांना वक्तशीरपणाचे आठ.

अलीकडे चॅटजीपीटी आल्यापासून तिचा हा त्रासही वाचला आहे. परवा एकाने दिलेल्या असाइनमेंटची पहिली ओळ होती, 'नक्कीच! भागीदारीच्या खात्यांवर खाली सविस्तर उत्तर देत आहे.' सरांना ती नम्रता आवडली. सरांनी दिलेल्या प्रश्नाच्या शेवटीही 'मी यात आणखी काही बदल करून देऊ का?' असं त्यांच्या हातून राहून गेलं होतं, त्याबद्दल मुलांनी मोठ्या मनाने काही विचारलं नाही.

आणि खरोखर अडलेली मुलंही या वर्गात असतात. घरात स्मार्टफोन एक, तो वडिलांच्या खिशात, वडील बाजार समितीत टोमॅटोच्या लिलावाला. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. संध्याकाळी फोन हाती येईपर्यंत मुदत टळलेली असते आणि नावापुढे लाल अक्षरांत 'मिसिंग' उमटतं. मुलगा सकाळी पहिल्या बाकावर हजर असतो. पण क्लासरूमच्या हिशेबी तो बेपत्ता.

मग येते पेपरच्या आदली रात्र. लिंक सगळ्या आहेत, उघडलेली एकही नाही, आणि आता उघडून उपयोगही नाही. साडेदहाच्या सुमारास सीआर व्हॉट्सॲप ग्रुपवर धीर करून लिहितो, 'सर, घसारा कुणालाच कळंना. उद्या दहा मार्काला आहे.' सर 'टाकलंय' असं लिहायला घेतात. पण चष्मा सापडत नाही. टाइप करता येत नाही म्हणून नाइलाजाने माईकचं बटण दाबून धरतात आणि बोलू लागतात.

"हे बघा रे. तुझ्या बापानं लाखाची गाडी घेतली. दहा टक्के घसारा. स्थिर हप्ता म्हणजे काय, दरसाल दहा हजार उडवायचे, डोळे मिटून. यंदा दहा, पुढच्या साली दहा. घटत्या शिलकीत तसं नाही. यंदा दहा गेले, उरले नव्वद. आता पुढच्या साली दहा टक्के कशाचे? लाखाचे नव्हं, नव्वदचे. नऊ हजार. उरले एक्क्याऐंशी. तिसऱ्या साली? आठ हजार शंभर. गाडी म्हातारी होत चालली की झीजही कमी दाखवायची. आणि उद्या पेपरात कुठली पद्धत विचारलीय ते आधी वाचा, मग गणित करा. वाचत नाही तुम्ही, तिथंच मरता. झोपा आता."

मागे कुकरची शिट्टी, सूनबाईंचा आवाज, चार मिनिटं. सर झोपले. ती व्हॉइस नोट मात्र रात्रभर जागी होती. सकाळपर्यंत ती शेजारच्या दोन तालुक्यांत पोचली, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण घेऊन. वडिलांच्या फोनवर ऐकणाऱ्या मुलाच्या वडिलांनीही ऐकली आणि ट्रॅक्टरची किंमत मनातल्या मनात कमी करून घेतली. घसाऱ्याचं गणित त्या वर्षी झाडून सगळ्यांनी सोडवलं, आणि तेही निरनिराळ्या अक्षरांत.

आयक्यूएसीच्या कानावर हे गेलं. समन्वयक सरांना म्हणाले, "अहो, ही तर बेस्ट प्रॅक्टिस! सातव्या निकषात जाईल. पण पुरावा?" व्हॉइस नोटचा जिओटॅग फोटो कसा काढणार? सरांनाही ते पटलं. मुळात चष्म्यावाचून अंथरुणात बसून बोललो, हे शिकवणं असतं का, असाच त्यांचा समज. पुढच्या सत्रात त्यांनी तासिका तत्त्वावरच्या तरुण मॅडमकडून ती नोट टाइप करून घेतली. 'बाप' काढून 'पालक' घातलं, 'मरता'च्या जागी 'गुण गमावता' आलं, कुकर वगळला, वर कॉलेजचं बोधचिन्ह लावलं, पीडीएफ केली आणि क्लासरूमवर चढवली.

साठ नोटेड आले. एकशेवीस हात जोडले गेले. आणि पेपरच्या आदल्या रात्री साडेदहाला सीआरचा मेसेज आला: 'सर, पीडीएफ मिळाली. आता तेवढं जरा बोलून पाठवा.'