औषध कुठवर आलं?

केळीचा मुनवा लावला की चार दिवसांनी मूळ धरलं का ते उपटून बघणारी एक जात असते. गिरीजमध्ये त्या जातीचा बहुधा मी एकटाच उरलोय. माझ्या वाडीत केळ का जगत नाही, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे.

हिरा डोंगरीवर दत्ताला जाताना मला धाप लागली, रक्तदाब वर निघाला आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सोबत बी-कॉम्प्लेक्स. "पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवस! गिळलेली गोळी आत नेमकी कुठे गेली, कामाला लागली की नुसती पडून आहे, हे बघावंसं कुणालाच वाटत नाही? मी तसं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पुढचा पेशंट."

फार्मसी शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. त्याच्यापाशी हे बोललो, तर त्या भल्या पोराने मला खरं उत्तर दिलं. "प्रकाशाने कळू शकतं, मामा. प्रत्येक रेणू आपल्या आवडीचे रंग गिळतो. काही रेणू गिळलेलं वेगळ्या रंगात परत टाकतात. परत आलेला उजेड वाचला की आत कोण आहे आणि किती आहे, ते समजतं." खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या आत लेझर टाकून, रामन परिणामाच्या आधाराने निरोगी भाग आणि कर्करोगाचा भाग वेगळा ओळखण्यावर संशोधन झालंय, हेही त्याने सांगितलं. रामन परिणामात रंग बदलून परतणारा प्रकाशकण कोटीत एखादाच, हे तो पुढे म्हणाला. पण मी 'खारघर'वरच अडकलो होतो. खारघरला होतं तर गिरीजला का नाही?

मग त्याने ॲटाब्रिनची गोष्ट काढली आणि मी पुरता बिघडलो. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतलं, तशी दोस्तराष्ट्रांची क्विनाइनची आवक तुटली. हिवतापावर ॲटाब्रिनची पिवळी गोळी सुरू झाली. सैनिक स्वतः पिवळे पडायचे, ओकायचे, आणि ताप यायचा तो यायचाच. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात बर्नार्ड ब्रॉडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी या औषधाचा एक गुण हेरला: विशिष्ट प्रकाशात ते चमकतं. रक्तातून आणि अवयवांतून औषध वेगळं काढून त्याची चमक मोजायची त्यांची रीत १९४३ मध्ये छापून आली. मोजल्यावर कळलं, की औषध रक्तात फारसं थांबतच नाही. यकृतासारखे अवयव ते ओढून दडवून ठेवतात. म्हणजे आधी भरपूर देऊन ही कोठारं भरायची, मग रोज थोडं पुरतं.

"त्यांनी औषध बाहेर काढून मोजलं हां, मामा," भाच्याने बजावलं. "आतल्या आत मोजणं कठीण. शरीरसुद्धा चमकतं." मी तोवर फोनवरून नोटा तपासायची अतिनील बॅटरी मागवली होती.

बॅटरी आली त्या रात्री घरातले दिवे घालवून मी ती पोटावर धरली. सदरा भपकन निळा पेटला. औषध पोटात आहे, म्हणून मी हर्षाने ओरडलो. अंधारातून बायको म्हणाली, "कपड्यांची पावडर आहे ती. पांढरं दिसावं म्हणून घालतात त्यात काहीतरी." सदरा काढला. आता नखांच्या कडा पिवळ्या-हिरव्या उजळल्या. गोळी बोटांपर्यंत पोचली होती! "हळद," अंधार म्हणाला. "दुपारी बोंबलाचं कालवण ओरपलंत ना?" ओसरीत टांगलेल्या वेलची केळ्यांच्या घडावर झोत मारला, तर पिकत आलेली केळी निळसर चमकली. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलंय, की केळं पिकताना हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्या अवशेषांनी ही निळाई येते. मला मात्र त्या क्षणी माझ्यापेक्षा केळ्यांनाच गोळ्या जास्त लागू पडल्याचं वाटलं.

राहता राहिली एक जागा. तिचा तपशील देत नाही. काचेची बाटली लागली, एवढं पुरे. बाटलीत मात्र झकास पोपटी उजेड पडला. हे होतं बी-कॉम्प्लेक्समधलं रिबोफ्लेविन. शरीराला नको तेवढं ते सरळ बाहेर टाकतं. म्हणजे इतक्या खटाटोपातून एका औषधाचा पत्ता लागला, तोही ते घर सोडून गेल्यावर.

"ती बाटली घरात ठेवायची नाही," असा हुकूम झाला. ती ओतायला मी बॅटरी घेऊन वाडीत गेलो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या दगडावर हिरवट-निळं काहीतरी झळकत होतं. बाटलीतलं सांडलं वाटून, किती सांडलं ते बघायला वाकलो. सांडलेल्याने नांगी वर केली.

विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात चमकतं, हे ज्ञान मला बावखलात कमरेएवढ्या पाण्यात उभ्याने झालं. शेजारच्या काकांनी हात देऊन बाहेर ओढलं. बाटली कुठे गेली ते अजून कुणी विचारलेलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. आकडा पहिल्यापेक्षा वर. "गोळ्या घेताय ना नीट?" मी शपथा घेत असताना त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर अडकवला, आणि शेजारी बसलेल्या भाच्याला तिथेही राहवलं नाही. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून आलं, ते ताकुओ आओयागी नावाचे जपानी अभियंते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तात सोडलेला रंग कानाच्या पाळीतून प्रकाशाने मोजू बघत होते. थोडक्यात, माझंच काम. नाडीचे ठोके मध्ये लुडबुडत होते. ते घालवायच्या नादात त्यांना सुचलं, की कातडी, हाड, नख उजेड अडवतात तो सतत सारखाच. ठोक्यासरशी बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. मग तेवढा बदलच घ्यायचा, बाकीचं आपोआप वजा. माझ्या नखातली हळदसुद्धा.

"म्हणजे तुमच्या बॅटरीला वजाबाकी येत नव्हती, मामा."

डॉक्टरांनी 'कसली बॅटरी' म्हणून विचारलं आणि बायकोने सगळं सांगितलं, बाटलीसकट. बाहेरचे पेशंट दार ढकलून ऐकायला लागले. ऐकून झाल्यावर डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली आणि विंचू चावला नाही ना, याची खात्री करून घेतली.

"नाही? अरेरे," ते म्हणाले. "महाडच्या बावस्कर डॉक्टरांनी विंचूदंशावर प्राझोसिन देऊन माणसं वाचवली. ते मुळात रक्तदाबाचंच औषध. तुमची दोन्ही कामं एका गोळीत झाली असती. पुढचा पेशंट."