नमुना

पनवेलच्या एसटी स्टँडवर खादीचा कुर्ता, पाठीवर सॅक आणि हातात टॅब घेऊन धोदाणीच्या गाडीची इंग्रजीत चौकशी करणारा इसम दिसला, की तो सॅम्पलराव समजावा. टॅबमध्ये 94 प्रश्न. विषय, 'ग्रामीण डिजिटल प्रतिनिधित्व आणि शालेय समावेशन'. नुसतं नाव ऐकून वाडीवरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात.

सॅम्पलराव उगवतात फेब्रुवारीत, कारण अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं. नेमकी तेव्हा कातकरीवाडी ओस. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते, त्यामुळे दिवाळी सरली की बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. पोरांना जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून सरकार शिक्षण हमी कार्ड देतं. एका आजीने नातीचं कार्ड हरवू नये म्हणून पेटीत कुलपात घातलं होतं. नात भट्टीवर, कार्ड पेटीत. सॅम्पलरावांनी पेटीचा फोटो काढला आणि लिहिलं, 'दस्तऐवजांबाबत जागरूकता उत्तम'.

मग शाळेतल्या गुरुजींनी विद्यार्थ्यांच्या नोंदींचं पोर्टल उघडलं. 2015 पासून 'सरल'वर नोंद, पुढे आधारची जोड, आता 'अपार' ओळखक्रमांक. पडद्यावर वाडीचं झाडून सगळं पोर हजर.

"वा! म्हणजे प्रतिनिधित्व शंभर टक्के!"

"हो. बाकंच काय ती रिकामी आहेत."

आजीपाशी मागे राहिलेला सातवीतला एक पोरगा तेवढा तावडीत सापडला.

"घरात स्मार्टफोन आहे?"

"बाबाबरोबर भट्टीवर गेलाय."

'फोन नाही' म्हटल्यावर पुढचे प्रश्न टॅबने आपणच गाळले आणि निकाल दिला: 'डिजिटल साक्षर – नाही'.

आता फॉर्म पाठवायचे, तर रेंज नाही. पनवेलच्या विमानतळाचं 2025 च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं; वाडीत मोबाइलची रेंज अजून चिंचेवर चढल्याशिवाय मिळत नाही. सॅम्पलराव टॅब उंच धरून अंगणात गोल गोल फिरले. शेवटी पोराने तो काढून घेतला, सरसर चिंच चढला, फ्लाइट मोड लावून काढला आणि सगळे फॉर्म धाडून दिले. मग फांदीवरूनच ओरडला,

"सर, माझ्यापुढं 'नाही' आलंय! 'हो' करून परत पाठवू?"

"नको रे बाबा!" सॅम्पलराव खालून कळवळले. "नमुना बिघडेल!"