एक नंबरचे नाना

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात सहसा कुणी काही विचारत नाही. डोंबिवलीतले आमचे शेजारी नाना मात्र 2000 सालच्या सुमारास एकाएकी भाव खाऊ लागले, कारण घरातला एकुलता एक मोडेम त्यांच्या पलंगाशेजारी होता.

टेलिफोनचा पॉइंट त्यांच्या खोलीत, म्हणून मोडेम तिथे आणि म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असेंबल्ड कॉम्प्युटरही तिथेच. पुढे धाकट्याला शोध लागला, की विंडोज 98 च्या सेकंड एडिशनमध्ये एका मशीनचं इंटरनेट बाकीच्यांना वाटून देता येतं. मग हब आला, दारांच्या चौकटींवरून निळ्या वायरी फिरल्या, थोरल्याचं आणि नातीचंही मशीन जोडलं गेलं. वाटणाऱ्या मशीनला तेव्हाचं विंडोज आपणहून 192.168.0.1 हा पत्ता द्यायचं, बाकीच्यांना त्यापुढचे. नानांनी तेवढाच शेवटचा एक लक्षात ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला.

त्यांचं मशीन बंद, की सगळ्या घराचं नेट बंद. दुपारी दोन ते चार नाना झोपत, तेव्हा "मशीनलाही विश्रांती लागते." एरवी ते त्याच्यासमोर बसून सॉलिटेअर खेळत. ज्या खेळाला इंटरनेट लागतच नाही, तो खेळत तीन पिढ्यांचं इंटरनेट सांभाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मोडेम 56 केचा. प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी मिळाले तरी चांगला दिवस. चार एमबीचं एक गाणं उतरायला पाव तास, आणि तेवढ्यात थोरल्याने मेल उघडली की दोघांचंही रखडणार. नानांनी वही घातली: कोण, केव्हापासून केव्हापर्यंत, कशासाठी. ऑफिसची मेल आधी, अभ्यास नंतर, गाणी रात्री दहानंतर. नातीने अर्जात "प्रोजेक्ट" लिहिलं, की चष्म्यावरून बघत "कसला?" फोनचं बिल आलं की वहीवरून वाटणी, पैशापर्यंत. स्वतःचा वाटा शून्य, कारण सॉलिटेअर.

हॉलमधला दुसरा फोन कुणी उचलला की कनेक्शन तुटायचं. नागपूरच्या आत्याला आठवडाभर लाइन एंगेज मिळाली, तेव्हा तिने घरी सगळं ठीक आहे ना, असं पोस्टकार्ड टाकून विचारलं. नानांनी ते वहीत चिकटवून ठेवलं. पण खरा प्रसंग रात्री दीडचा. कुठल्याही मशीनने बाहेरचं काही मागितलं की मोडेम आपोआप नंबर फिरवायचा. थोरल्याच्या मशीनमधल्या अँटिव्हायरसला अपरात्री नवी माहिती हवीशी वाटली आणि नानांच्या उशाशी किंचाळ्या सुरू झाल्या. अख्खं घर खोलीत जमलं. नाना वहीत नोंद करत होते: "1.30. अर्जदार नाही."

पुढे ब्रॉडबँड आलं, वायफायचा राउटर आला. आता कुणाचं मशीन चालू राहायची गरज नव्हती. मुलांना वाटलं, नाना सुटले. नानांनी राउटर आपल्या खोलीत लावून घेतला आणि पासवर्ड ठेवला पेन्शनच्या कागदावरचा बारा आकडी नंबर. तो ते कुणाला सांगत नाहीत. पाहुण्याने मागितलाच, तर त्याचा मोबाइल हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पाठमोरे होऊन एकेक आकडा दाबतात. दोनदा चुकतात. तोवर पाहुण्याचा चहा होतो.