आडव्या गाडीची स्तुती

गाडी सरळ चालावी म्हणून आपण किती धडपडतो! स्टेअरिंग जरा एका बाजूला ओढू लागलं, टायर आतल्या कडेला झिजलेला दिसला, की 'गाडी टायर खाते' म्हणत अलाइनमेंटवाल्याकडे जातो. याच्या उलट धडपड पाहायची तर जपानला जावं. तिथल्या फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सुजवळच्या डोंगरात एबिसू सर्किट आहे. शेजारी सफारी पार्क, आणि डोंगरउतारावर एकाहून अधिक छोटे-मोठे ट्रॅक. तिथे ड्रिफ्टचा, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवण्याचा, उत्सव भरतो, तेव्हा हौशी माणसं तीस-पस्तीस वर्षांची निस्सान सिल्व्हिया घेऊन येतात. ती आडवी चालावी आणि तिने मागचे टायर खुशाल खावेत, म्हणून त्यांनी बरेच महिने पगारातून पैसे बाजूला टाकलेले असतात. जग त्यांना खुळे म्हणतं. हे खूळ मला माणसाच्या उत्तम गुणांपैकी एक वाटतं, आणि त्याची स्तुती करायलाच मी बसलो आहे.

ड्रिफ्ट निरुपयोगी आहे, हे आधीच मान्य करू. कोरड्या डांबरावर मागची चाकं घसरवत वळण घेणारा ड्रायव्हर नीट पकड ठेवून जाणाऱ्यापेक्षा सहसा मागेच पडतो. सुरुवात मात्र वेगळी होती: जपानी शर्यतपटू कुनिमित्सु ताकाहाशी यांनी १९७०च्या दशकात शर्यतींत ही घसरण वापरली, ती जिंकण्यासाठी. केइची त्सुचिया यांनी ती घाटरस्त्यांवर नेली. १९८७मध्ये त्यांच्या ड्रायव्हिंगची व्हिडिओफीत निघाली आणि त्यापायी त्यांचा परवाना काही काळ गेला. २००१मध्ये डी-वन ग्रां प्री ही मालिका उभी राहिली, तेव्हा गुण ठरू लागले गाडीचा कोन, तिची रेषा, वेग आणि ढंग यांवर. कोण आधी पोचलं, हा प्रश्न बाजूला राहिला. ज्या खेळात लवकर पोचण्याला किंमत नाही, त्यासाठी माणसं मिलिमीटर मोजतात, हेच मला थोर वाटतं.

कारण हे वेड आंधळं राहूच शकत नाही. सुरुवात होते ती गाडी खाली बसवण्यापासून. हौशी माणूस जुने शॉकअप काढून कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड, बसवतो. सिल्व्हियाच्या एस-१३ या पिढीसाठी पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मिलिमीटर ही स्प्रिंगची जोडी नेहमीची: पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला आठ किलो भार लागतो. मागची मऊ, कारण ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसावी आणि चाकांना जमीन सापडावी. आता गाडी सुंदर दिसते. पण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची रचना अशी की गाडी फार खाली आणली तर लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. म्हणजे खाली बसलेली गाडी वळणावर जास्त कलू पाहते! त्यावर उपाय म्हणून लांब बॉल जॉइंट घ्यायचा. तो घेतला की आर्म आणि टाय रॉड यांचा मेळ बिघडतो. खड्डा आला की चाक आपणहून वळू लागतं. मग टाय रॉडचं टोकही बदलायचं. शिवाय गाडी नंबरप्लेटसह रस्त्यावर चालवायची असेल, तर जपानच्या वाहनतपासणीत जमिनीपासून नऊ सेंटिमीटर अंतर दाखवावं लागतं. एक भाग बदलला की शेजारचा हिशोब मागतो, हे जो स्वतः जॅकवरच्या गाडीखाली झोपून शिकला, त्याला गाडी कळली असं मी समजतो. आपल्यापैकी बहुतेकांना आपल्या गाडीबद्दल एवढं कधीच कळत नाही.

खरी मजा पुढच्या चाकांत आहे. डावीकडच्या वळणावर गाडी आडवी झाली की चाकं उजवीकडे वळवून धरावी लागतात. सगळा भार असतो उजव्या, बाहेरच्या चाकावर. कॅस्टरमुळे, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे झुकलेला असल्यामुळे, हे चाक त्या दिशेला वळताना वरून बाहेर झुकतं. म्हणून गाडी सरळ उभी असतानाच त्याला तीन ते पाच अंश आत झुकवून ठेवतात. मग नेमक्या घसरणीच्या क्षणी टायर जमिनीवर नीट बसतो. उभ्या गाडीची चाकं वाकडी दिसतात, कारण त्यांचं काम वाकड्या स्थितीतच सुरू होतं. कॅस्टर सातेक अंश ठेवला की दुसरं सुख मिळतं. चाकं आपणहून गाडीच्या प्रवासाच्या दिशेकडे वळतात आणि ड्रायव्हर स्टेअरिंग हातांतून मोकळं फिरू देतो, योग्य जागी पकडतो. मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे हाच आत-बाहेरचा झुकाव, मात्र शून्याजवळ हवा, कारण तिथे टायरची पूर्ण रुंदी वापरायची आहे. काही एस-१३ गाड्यांत निस्सानने हायकास नावाची, मागची चाकंही किंचित वळवणारी यंत्रणा दिली होती. कारखान्याची ही हुशारी हौशी माणूस काढून टाकतो आणि जागी एक साधा लॉक बार बसवतो. मला तो निर्णय पूर्ण पटतो: घसरणाऱ्या गाडीची मागची बाजू काय करणार, ते ड्रायव्हरला आधीच माहीत असायला हवं.

आणि मग नकल, म्हणजे चाकाला धरून ते वळवणारा भाग. स्टेअरिंग आर्म आखूड केलेले नकल बसवले की तेवढ्याच रॅकवर चाक जास्त वळतं. नेहमीच्या गाडीत आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. ड्रिफ्टमध्ये तेच दुसऱ्या चाकाशी भांडतं, म्हणून दोन्ही चाकं जवळजवळ समांतर ठेवतात. पूर्ण संच घेतला तर चाकं वळण्याचा कोन ६० अंशांच्या आसपास जातो. पण इथे वेडालाही शिस्त लागते. टाय रॉड आणि स्टेअरिंग आर्म एका रेषेत येऊ लागले तर चाक टोकाला अडकतं आणि परत येत नाही. तेव्हा जॅकवर गाडी उचलून, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, कुठे काय घासतं आणि कुठे काय अडकतं, ते बघितल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल, कारण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. इंजिनच्या जोराने मागचं टोक सोडवायला मागची चाकं फिरायला हवीत. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसॅडरमध्ये ती फिरत. पाऊस पडल्यावर घाटात त्यांनी ज्यांची धांदल उडवली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

नव्या खुळ्याला माझा सल्ला एवढाच की खूळ क्रमाने करावं. आधी झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदलावेत, कारण ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. मग कॉइलओव्हर, तेही उंची आणि स्प्रिंगचा ताण वेगवेगळे जुळवता येणारे. मग टेन्शन रॉड आणि मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म. एका वेळी एकच बदल, आणि मधे पोटभर चालवणं. नाहीतर कोणत्या भागाने काय दिलं ते कळणार नाही. दर फेरीनंतर टाय रॉडचे लॉक नट तपासावेत. उरलेले पैसे मागच्या टायरांत घालावेत. ६० अंशांचा संच पुढच्या वर्षी घ्यावा, आणि घ्यावाच.