जहाजाला गुडघा नसतो

वय अठ्ठेचाळीस झाल्यापासून सलग आठ तास झोपलं की माझी मान धरते. उशी बदलून झाली, गादी बदलून झाली, झोपायची दिशासुद्धा बदलून झाली. आणि दर शनिवारी संध्याकाळी मी ज्या खेळाला बसतो, त्यात मात्र रात्री मरता मरता वाचलेला माणूस आठ तास झोपतो आणि सकाळी टवटवीत उठून ड्रॅगनच्या अंगावर जातो. ही कुणाची लहर नाही, नियमच आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तीत त्याला 'लाँग रेस्ट' म्हणतात. आठ तास पडून राहा, सगळे हिट पॉइंट परत.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टेबलाभोवती पाचजण बसतात. एकजण डीएम, म्हणजे ते जग चालवणारा. आमचा डीएम सोमवार ते शुक्रवार बँकेत असतो आणि शनिवारी परमेश्वर. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या जगात धडपडतात. धडपड जमली की फसली, ते विसाचा फासा सांगतो. फाशावर वीस बाजू असतात, आणि मी टाकला की त्यातल्या पहिल्या चार-पाचच वापरात येतात.

तर हे हिट पॉइंट, म्हणजे पात्र अजून किती मार सोसेल त्याचा आकडा. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी छापून बाजारात आणला. त्यातली हिट पॉइंटची कल्पना आपण जहाजांच्या युद्धखेळातून उचलली, असं आर्नेसनने सांगितलं होतं. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जहाजाला तोफगोळे लागत राहतात, ते तरंगत राहतं आणि मग एकदम बुडतं. जहाज लंगडत नाही. पावसाळ्यात त्याचं जुनं दुखणं वर येत नाही. जहाजाला गुडघाच नसतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या परमेश्वराने जाहीर केलं की नवी मोहीम कमी जादूची. मंत्राने जखम भरणारा पुरोहित नाही, लाल रंगाची औषधी बाटली नाही. गावात एक न्हावी, तोच दात उपटणार आणि तोच टाके घालणार. जुन्या युरोपात तशीच रीत होती. शिवाय त्याने नियमपुस्तकातलं एक ऐच्छिक कोष्टक लागू केलं. पात्र जमिनीवर आडवं झालं की विसाचा फासा टाकायचा. एक आला तर डोळा गेला, दोन आले तर हात, तीनला पाय, चारला कायमचं लंगडणं. त्यापुढे पोटातली इजा, मोडक्या बरगड्या, व्रण वगैरे. गेलेला अवयव परत आणणारा मंत्र आहे, पण तो सातव्या पातळीचा. आमच्या जगात तेवढं शिकलेलं कुणी नव्हतंच.

पहिलं भांडण बरगड्यांवरून झालं. आमच्यातला एकजण खऱ्या आयुष्यात हाडांचा डॉक्टर आहे. कोष्टकात लिहिलंय, दहा दिवस पूर्ण विश्रांती घेतली की मोडलेल्या बरगड्या बऱ्या. "दहा दिवस?" डॉक्टर उभाच राहिला. "सहा आठवडे रे! हे लिहिणाऱ्याची बरगडी कधी मोडलेली दिसत नाही." डीएम म्हणाला, त्या जगातली हाडं वेगळी असतील. त्यावर डॉक्टरने चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा पेशंटचे नातेवाईक रडायला लागतात असं ऐकून आहे.

मग माझी पाळी आली. माझं पात्र बर्ट्राम, भुरटा चोर. एका चर्चच्या छपरावरून पडला. फासा टाकला, चार. लंगडणं. चाल तीस फुटांवरून पंचवीस, आणि धूम ठोकली की दहा किंवा वर पडलं नाही तर आडवा. पाच फूट म्हणजे नकाशावरचं एक घर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिघे पुढे आणि मी दर वेळी एक घर मागे, म्हणजे लांडग्यांचा पहिला घास नेहमी मीच. मागे पडलो म्हणून मार खायचा आणि मार खाल्ला म्हणून आणखी मागे पडायचं. दुष्काळात तेरावा महिना.

याच सुमारास मी आणि डॉक्टर फोनवर बोलत होतो. मी म्हणालो, "पाय ठेवूया ना रे. लंगडेन आयुष्यभर, पण कापायला नको." आईने एवढंच ऐकलं. संध्याकाळी घरी आलो तर देव पाण्यात.

खरी अडचण निराळीच निघाली. आम्हांला जखमा लक्षातच राहीनात. पहिल्या शनिवारी बर्ट्राम डाव्या पायाने लंगडत होता, तिसऱ्या शनिवारी उजव्या, आणि पाचव्या शनिवारी तो भिंतीवरून कोलांटी मारून उतरला. आमच्या तिरंदाजाचा डोळा गेला होता. तो फासा टाकताना प्रामाणिकपणे एक डोळा मिटायचा, पण दोन आठवड्यांनी कंटाळून म्हणाला, हा बुवा दरीत उडी मारतो, मी नवा धडधाकट करतो. म्हणजे ज्याचा आपल्या पात्रावर जीव, त्यानेच दंड भरायचा.

डीएमने विचार करून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ज्याचं पात्र जखमी, त्याने मोडक्या स्टुलावर बसायचं. या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्यावर तीन तास बसलेला माणूस आपली जखम विसरत नाही. दुसरी म्हणजे चिंचोके. जखमेमुळे तुमची पंचाईत झाली की एक चिंचोका मिळणार, आणि तो देऊन नंतर कधीही फासा पुन्हा टाकता येणार.

चिंचोके आले आणि बर्ट्राम पालटला. पहारेकरी आता त्याला अंधारातही चालीवरून ओळखायचे, एक चिंचोका. मग मी त्याला चर्चच्या दाराशी भिकारी म्हणून बसवला. तोच पाय, पण आता लोक त्याच्याकडे बघायचं टाळत आणि त्याच्यासमोरच गुपितं बोलत. धडधाकट बर्ट्रामला हे सुचलं नसतं. मला तर नाहीच.

पुण्यात जन्म काढून एक साधी गोष्ट कळायला मला त्या स्टुलावर बसावं लागलं. एप्रिल १६६३, लाल महाल. शाइस्ताखानाची बोटं गेली, जीव वाचला. हिट पॉइंटच्या हिशोबाने दोन-चार गेले असतील, झोपून उठला की भरले असते. पण बोटं परत येत नाहीत आणि अब्रू तर नाहीच नाही. औरंगजेबाने त्याला बंगालच्या सुभ्यावर धाडलं. तिथे त्याच्या कारकिर्दीत १६६६ साली मुघलांनी चितगाव घेतलं, आणि तो जगला थेट १६९४पर्यंत. गडी बाद झाला नाही, मोहीम बदलली. मी हे टेबलावर मोठ्या आवेशात मांडलं. डीएम शांतपणे म्हणाला, "अरे, पण शाइस्ताखान एनपीसी होता." एनपीसी म्हणजे खेळाडू नसलेलं, डीएमच्या ताब्यातलं पात्र. साडेतीनशे वर्षांत खानाचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

त्या रात्री हसत हसत जिना उतरताना माझा पाय मुरगळला. उजवा. डॉक्टरने तिथेच पायरीवर बसून दाबून पाहिला. "लिगामेंट," तो म्हणाला.

"दहा दिवस?" मी आशेने विचारलं.

त्याने चष्मा काढला.

पुढच्या शनिवारी मी काठी टेकत पोचलो. बर्ट्रामसाठी मोडकं स्टूल मांडून ठेवलेलंच होतं. डॉक्टरचं म्हणणं, याला नीट खुर्ची द्या, पाय वर ठेवू दे. तिरंदाज म्हणाला, स्टूल पात्राच्या जखमेचं आहे, खेळाडूच्या नाही. सूट द्यायची तर आधी एक चिंचोका परत घ्या. डीएमने नियमपुस्तक उघडलं. वाद चाळीस मिनिटं चालला, आणि तेवढा वेळ मी दारात एका पायावर उभा होतो.